आधी जमीन, मग आकाश

पावसाळा सरत आला की सड्यांवरून (कोकणातल्या कातळाच्या पठारांवरून), गडांवरून काढलेल्या फोटोंबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला बरीच जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न इतरांनीही वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. सप्टेंबरात रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर सूर्यास्ताचे फोटो काढले. समोर सीतेची आसवं आणि गेंद, मागे समुद्र आणि ढगाळ आकाश. १६ मिमी लेन्स, एफ १६, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, कॅमेरा ट्रायपॉडवर. अॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवून दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फ्रेम घेतल्या : १/३०, १/८ आणि १/२ सेकंद. घरी सॉफ्टवेअरमध्ये एचडीआर मर्ज केलं, म्हणजे तिन्ही फ्रेम जोडून एक केल्या. आकाश सुंदर आलं, पण समोरची फुलं पुसट झाली, काही तर दोन-दोन दिसतात. लेन्स बदलावी का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : लेन्स बदलू नका. तिचा यात काही दोष नाही. तुम्ही शटरचे आकडे पत्रात लिहिलेत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे.

अॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र, म्हणजे एफचा आकडा, कायम ठेवून) ब्रॅकेटिंग केलं, म्हणजे एकच दृश्य कमी-जास्त उजेडाच्या फ्रेममध्ये घेतलं, की कॅमेरा फक्त शटर, म्हणजे उजेड आत येऊ द्यायचा वेळ, बदलतो. आकाशासाठी १/३०, मधल्यासाठी १/८ आणि अंधाऱ्या जमिनीसाठी १/२ सेकंद. म्हणजे फ्रेममध्ये समोर जी एकच गोष्ट हलते आहे, ती फुलं, तीच नेमकी सगळ्यात मंद शटरच्या वाट्याला आली. सड्यावरची संध्याकाळची वाऱ्याची झुळूक धरा. फूल सेकंदाला ५ सेंटीमीटर वेगाने डोललं, तर अर्ध्या सेकंदात ते अडीच सेंटीमीटर सरकतं. सीतेच्या आसवांचं फूलच मुळी सेंटीमीटरभराचं. ते तुमच्या फ्रेममध्ये टिकणार कसं? तेच फूल १/२५० सेकंदात जेमतेम ०.२ मिलिमीटर हलतं.

त्यावर मर्जने आणखी घोळ घातला. तिन्ही फ्रेममध्ये फूल तीन ठिकाणी होतं आणि सॉफ्टवेअरने ते एकमेकांवर चढवलं. असे दुहेरी ठसे काढायला ‘डीघोस्ट’चा पर्याय असतो, पण तो हलणाऱ्या भागासाठी स्वतःच एक फ्रेम निवडतो आणि ती शार्प आहे की नाही हे तो तुमच्या डोळ्यांनी पाहत नाही. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे : फोरग्राउंड, म्हणजे समोरचा भाग, कधीही सरासरीतून येऊ देऊ नका. फुलांसाठी वेगळी फ्रेम घ्या, वेगळ्या सेटिंगवर घ्या, आणि अंतिम फोटोत फुलाचा प्रत्येक पुंजका कोणत्या तरी एकाच फ्रेममधून येऊ द्या.

आता आकडे मांडू. तुमची जमिनीची फ्रेम एफ १६, १/२ सेकंद, आयएसओ १०० अशी होती. अॅपर्चर एफ ५.६ केलं की तीन स्टॉप मिळाले. आयएसओ १६०० केला की आणखी चार. सात स्टॉप म्हणजे शटर थेट १/२५० वर. आयएसओ १६०० ऐकून लोक घाबरतात. मी घाबरत नाही. जमिनीवरचा दाणेदारपणा नॉइज रिडक्शनने बराच आवरता येतो आणि गवत, जांभ्याचा खडबडीत पोत यांत उरलेला खपूनही जातो. हललेलं फूल मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. आकाशाची फ्रेम आयएसओ १०० वरच घ्या, तिथे नितळ रंग हवेत आणि १/३० सेकंदात ढग हलत नाहीत.

एफ ५.६ ला पुढून मागपर्यंत सगळं फोकसमध्ये राहणार नाही, ही शंका तुमच्या मनात आली असेल. बरोबर आहे. तुमचा कॅमेरा फुल फ्रेमचा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) आहे असं धरते. १६ मिमीवर, एफ ५.६ ला, मोठ्या प्रिंटसाठी लागणारी काटेकोर स्पष्टता धरली तर हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की त्याच्या निम्म्यापासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प येतं) साधारण ३ मीटर येतं. मग फोकस तीन ठिकाणी करायचा. ६० सेंटीमीटरवर केला की साधारण ५० ते ७५ सेंटीमीटरचा पट्टा शार्प. १ मीटरवर केला की ७५ सेंटीमीटर ते दीड मीटर. आणि ३ मीटरवर केला की दीड मीटरपासून पार क्षितिजापर्यंत. तीन फ्रेममध्ये काम होतं. वारा अगदी पडला असेल तर एवढंही नको : एफ ११ ला फोकस दीड मीटरच्या थोडा पुढे ठेवा, साधारण ८० सेंटीमीटरपासून पुढचं सगळं मिळेल. गणित आठवलं नाही तरी चालेल. सगळ्यात जवळचं फूल जेवढ्या अंतरावर आहे, त्याच्या दुप्पट अंतरावर फोकस केला की ते फूल आणि क्षितिज दोन्ही सारखेच शार्प येतात. ते पुरेसं शार्प आहे की नाही हे लाइव्ह व्ह्यू मोठा करून तिथल्या तिथे तपासा. एफ २२ वर जायचा मोह टाळा. त्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि फोकस बरोबर असूनही सगळी फ्रेम किंचित मऊ पडते. एफ १६ लाही ते थोडं जाणवतं.

क्रम हा या सगळ्याचा कणा आहे. सूर्यास्ताला आधी जमीन घ्या, मग आकाश. पहाटे उलट : आधी आकाश, मग जमीन. आपल्या अक्षांशावर सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत उजेड आटोपतो. त्यामुळे आकाश रंगण्याची वाट पाहत थांबलात तर तोवर जमिनीचा उजेड गेलेला असतो आणि मग १/२ सेकंदाशिवाय गत्यंतर राहत नाही. पंधरा मिनिटं आधी तीच फुलं आयएसओ ४०० वरही मिळाली असती. ट्रायपॉड मात्र तसूभरही हलवायचा नाही. इथे एक पथ्य आहे. फुलांवर थेट ऊन असताना जमीन घेऊ नका. सूर्य ढगाआड गेला असेल किंवा क्षितिजाला टेकून उन्हाचा जोर गेला असेल तेव्हाच घ्या. नाही तर फुलांच्या सावल्या एक वेळ सांगतील आणि आकाश दुसरी, आणि पाहणाऱ्याला कारण कळलं नाही तरी फोटो खोटा वाटेल.

वारा सलग वाहत नाही. मधे मधे तो दम घेतो. कॅमेऱ्यात डोळा न घालता रिमोट हातात धरा आणि वाऱ्याच्या बाजूचं चार-पाच मीटरवरचं गवत पाहत राहा. ते थांबलं की क्षणभरात तुमची फुलंही थांबतात. तेव्हा आठ-दहा फ्रेमची फैर सोडा. छत्री बरोबर असतेच, ती वाऱ्याच्या बाजूला फ्रेमबाहेर उघडून धरली तरी फरक पडतो. एखाद्या फ्रेममध्ये डावीकडचा पुंजका स्थिर असेल आणि दुसरीत उजवीकडचा, तर दोन्ही वापरा. सड्याचं मोठं वरदान म्हणजे फुलांच्या पुंजक्यांमधून उघड्या कातळाच्या पट्ट्या असतात. कातळ हलत नाही. दोन फ्रेमचा सांधा नेहमी त्या पट्टीवरून न्या, फुलांमधून कधीच नाही.

घरी आल्यावर सगळ्या रॉ फाइल्सना (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइल्सना) एकच व्हाइट बॅलन्स आणि एकच लेन्स प्रोफाइल द्या. नॉइज रिडक्शन फक्त जमिनीच्या फ्रेमना. मग फोटोशॉपमध्ये त्या लेअर म्हणून उघडून ऑटो-अलाइन करा. फोकस बदलला की चित्राचा आकार किंचित लहानमोठा होतो, म्हणून हे अलाइन करणं चुकवू नका. पैसे खर्च करायचे नसतील तर हुगिन या मोफत सॉफ्टवेअरबरोबर फ्रेम जुळवण्याचं साधन येतं आणि पुढचं काम गिंप या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. जमिनीचा लेअर वर, आकाशाचा खाली, वरच्याला मास्क. मास्कवर काळा रंग लावला तिथलं झाकलं जातं, पांढरा ठेवला तिथलं दिसतं. बाकी सगळी कला ब्रश किती मऊ ठेवायचा यात आहे. त्याबद्दल पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे. शार्पनिंग अगदी शेवटी, आणि तेही जमिनीपुरतं.

एक गोष्ट मात्र सगळ्या आकड्यांच्या वर ठेवते. सड्यावर मातीचा थर बोटभरही नसतो आणि ही झाडं एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून संपतात. बी धरण्याआधी चिरडलं गेलेलं रोप पुढच्या वर्षासाठी काहीच ठेवून जात नाही. ट्रायपॉडचे तिन्ही पाय आणि तुमचे दोन्ही पाय उघड्या कातळावरच असू द्या. त्यासाठी कोन बदलावा लागला तर कोन बदला. पोटावर झोपून फोटो काढायचाच असेल तर आधी झोपायची जागा पाहा.

प्रश्न : नाणेघाटाच्या पठारावरून पहाटे जीवधन किल्ला आणि वानरलिंगीचा सुळका घेतला. दोन एक्सपोजर मास्क लावून जोडले. किल्ल्याच्या कडेभोवती पांढरट रेघ उमटते आणि पुढच्या झाडाच्या फांद्यांभोवती तर प्रभावळच दिसते. मास्क आणखी मऊ करून पाहिला, तर जास्तच बिघडलं.
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : मऊ केल्याने बिघडणारच होतं. जमिनीसाठी घेतलेल्या उजळ फ्रेममध्ये आकाश पांढरं पडलेलं असतं. मास्कची कड रुंद केली की त्या पांढऱ्या आकाशाची एक पट्टी कड्याच्या वर डोकावते. तीच तुमची रेघ. शिवाय उजळ फ्रेममध्ये आकाशाचा प्रकाश कड्याच्या काठावर सांडतो आणि काठावरचं बारीक गवत खाऊन टाकतो. त्यामुळे काठ नेहमी गडद फ्रेममधून घ्यायचा. सांधा क्षितिजावर न ठेवता जरा खाली, किल्ल्याच्या अंगावर आणा आणि तिथे हवा तेवढा मऊ करा. कड्याचा वरचा भाग थोडा अंधारा राहील. राहू द्या. उगवतीसमोर उभा असलेला डोंगर डोळ्यांनाही अंधाराच दिसतो. डोंगराची दरड आणि आकाश सारख्याच उजेडात दाखवणारे फोटो मला मुळीच आवडत नाहीत. त्यांत पहाट उरत नाही.

माझे वडील साताऱ्यात स्टुडिओ चालवायचे. कृष्णधवल प्रिंट काढताना आकाशाला जास्त वेळ प्रकाश द्यायचा असला की ते एन्लार्जरखाली (निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं पाडणाऱ्या यंत्राखाली) पुठ्ठ्याचा तुकडा धरून जमीन झाकायचे आणि तो पुठ्ठा सतत हलता ठेवायचे, म्हणजे कागदावर त्याची कड उमटत नसे. पण हलवायचे तो डोंगराच्या रेषेच्या खालच्या बाजूला. रेषेच्या वर गेला तर डोंगरावर पांढरी किनार बसायची. तुमच्या मास्कचा नियम अगदी हाच आहे.

फांद्यांसाठी ब्रश वापरूच नका. हाताने इतकं बारीक कुणालाच जमत नाही. फोटोतूनच मास्क तयार करा : फोटोशॉपमध्ये चॅनेल पॅनेलवर कंट्रोल दाबून आरजीबीवर क्लिक केलं की उजेडाप्रमाणे निवड होते. गिंपमध्ये लेअर मास्क जोडताना ‘ग्रेस्केल कॉपी ऑफ लेअर’ निवडा. आकाश उजळ आणि फांदी काळी असल्याने हा मास्क प्रत्येक काटकीभोवती आपोआप बसतो. जमिनीचा लेअर वर असेल तर तो उलटा (इन्व्हर्ट) करून घ्या. मग लेव्हल्सने त्यातला करडा भाग आवळून काळा-पांढरा करा, पण पूर्ण नाही, एखाद-दोन पिक्सेलची मऊ कड शिल्लक ठेवा. फांद्या वाऱ्याने हलल्या असतील तर अख्खं झाड गडद फ्रेममधूनच घ्या आणि ते काळं राहू द्या.

नाणेघाटातून दिसणाऱ्या लांबच्या रांगांचं मात्र वेगळं. सकाळच्या धुरकट हवेत त्यांची कड मुळातच विरघळलेली असते. जवळच्या कातळकड्याला आणि त्या रांगांना एकच टोकदार मास्क लावलात तर रांगा कात्रीने कापून चिकटवल्यासारख्या दिसतील. जेवढी दूरची रांग तेवढा मऊ मास्क.

आणि फोटो काढण्याआधी एकदा हिस्टोग्राम (फ्रेममधल्या गडद-उजळ भागांचा आलेख) पाहत चला. हल्लीचे चांगले सेन्सर आयएसओ १०० वर बारा-तेरा स्टॉपचा फरक एका रॉ फाइलमध्ये पकडतात. आकाश वाचवून घेतलेल्या एकाच फ्रेमची सावली उचलून काम भागत असेल, तर दोन फ्रेम जोडायचा खटाटोप कशासाठी? तुमच्या फोटोत सूर्य अजून वर आला नव्हता. मला वाटतं तिथे एक फ्रेम पुरली असती.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात आहे. माझ्याकडे फक्त फोन आहे. फोनचा एचडीआर चालू ठेवला की गवत चिखलासारखं दिसतं. काय करू?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : फोनबद्दल मनात कमीपणा आणू नकोस. फोनचा सेन्सर लहान असल्यामुळे जवळचं फूल आणि लांबचा डोंगर एकाच वेळी शार्प येतात. ज्या गोष्टीसाठी वरच्या वाचकांना तीन फ्रेम घ्याव्या लागतात, ती तुला बहुतेक वेळा फुकट मिळते. गवत बिघडतं ते फोन एका दाबात अनेक फ्रेम घेऊन जोडतो म्हणून, आणि उजेड कमी झाला की नाइट मोड आपोआप सुरू होऊन ते काम सेकंदभर चालतं म्हणून. तेव्हा संध्याकाळी नाइट मोड हाताने बंद कर. फुलावर बोट दाबून धरलंस की फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं, मग आकाश पांढरं पडणार नाही इतपत उजेड बोटाने खाली ओढ. फोनमध्ये रॉ किंवा प्रो मोड असेल तर शटर १/१२५ च्या खाली जाऊ देऊ नकोस.

दोन फ्रेम जोडायच्याच असतील तर फोन दगडावर टेकव, टायमर लाव, एक फ्रेम आकाशावर बोट ठेवून घे आणि एक गवतावर. गिंप कॉलेजच्या कॉम्प्युटरवरही मोफत बसवता येतं. फुलाच्या अगदी जवळ जाताना अल्ट्रावाइड लेन्स आधी तपासून घे. बऱ्याच फोनमध्ये तिला फोकस बदलताच येत नाही, मग जवळचं फूल कधीच शार्प येणार नाही आणि दोष तू वाऱ्याला देत बसशील.

प्रश्न : जोडलेला फोटो स्पर्धेत पाठवणं प्रामाणिक आहे का? आमच्या क्लबात यावरून वाद झाला. एकाचं म्हणणं, एका क्लिकमध्ये येतो तोच खरा फोटो.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : क्लबातल्या त्या मित्रांना हा इतिहास जरूर सांगा. १८५० च्या दशकात ओल्या कोलोडियनच्या (प्रकाशसंवेदी रसायनाचा थर दिलेल्या) काचा वापरत. त्या निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद द्यायच्या, त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश कोरं पांढरं पडायचं. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी १८५७ च्या सुमारास समुद्रासाठी एक आणि ढगांसाठी एक अशा दोन निगेटिव्ह वापरून एक प्रिंट काढला आणि सांधा क्षितिजावर लपवला. म्हणजे तुमचा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. ‘एका क्लिकचा खरा फोटो’ हे साधनाचं मोजमाप झालं. कॅमेऱ्याला एका वेळी जेवढं पेलतं तेवढंच खरं, असं त्यातून निघतं. सड्यावर उभं राहिल्यावर तुमचे डोळे फुलंही पाहतात आणि ढगही.

पण ल ग्रे यांनी कधी कधी एकच आकाश वेगवेगळ्या समुद्रांवर वापरलं, आणि तिथे मी थांबते. माझी रेघ अशी आहे : तीच जागा, तीच वेळ, न हललेला ट्रायपॉड. त्या संध्याकाळी तिथे जे होतं तेवढंच फोटोत आलं, तर किती फ्रेम लागल्या याने काही बिघडत नाही. महाबळेश्वरचे ढग आणून रत्नागिरीच्या सड्यावर ठेवले, तर ते दुसरंच चित्र झालं. ते करावं, पण सांगून करावं. निसर्गचित्र म्हणून खपवू नये, कारण तो फोटो पाहून कुणी तरी त्या जागेबद्दल, त्या ऋतूबद्दल काही शिकणार असतं.

स्पर्धेचं म्हणाल तर वाद घालण्याआधी नियम वाचा. फियाप आणि पीएसए या छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मान्य केलेल्या ‘निसर्ग’ विभागाच्या व्याख्येत एचडीआर आणि फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडणं) चालतं. वस्तू घालणं, काढणं चालत नाही. ‘मुक्त’ विभागात सहसा बरंच काही चालतं. स्थानिक स्पर्धांचे नियम याहून कडक किंवा सैल असू शकतात. नियमात काही लिहिलेलंच नसेल तर आयोजकांना आधी विचारून घ्या आणि फोटोबरोबरच्या ओळीत ‘एकाच ठिकाणी घेतलेल्या चार एक्सपोजरमधून’ असं लिहा. निकालाआधी परीक्षक मूळ फाइल्स मागू शकतात, म्हणून सगळ्या रॉ फाइल्स, वाऱ्याने बिघडलेल्या धरून, एका फोल्डरमध्ये ठेवा. त्यांवरच्या वेळेच्या नोंदी सलग असल्या की तुम्हाला वेगळं काही सिद्ध करावं लागणार नाही.